दर्यावरचा निरोप

खनिज तेलाचा इतिहास सामान्यतः विहिरींच्या आणि टनांच्या भाषेत लिहिला जातो. अमुक साली अमुक ठिकाणी तेल लागले, तमुक साली उत्पादन इतके वाढले, असे त्याचे स्वरूप असते. त्या विहिरींवर राहणारी माणसे किनाऱ्याशी बोलत कशी होती, त्यांचा निरोप कोण घेत होता, आणि घेतल्यावर त्याचे पुढे काय होत होते, हे प्रश्न त्या इतिहासात क्वचितच विचारले जातात. वस्तुतः भर समुद्रात काम करणाऱ्या माणसाचे जीवित जितके पोलादावर अवलंबून असते, तितकेच ते निरोपावरही अवलंबून असते.

बंगळुराला समुद्र नाही आणि तेलही नाही. तेव्हा चामराजपेटेत राहणाऱ्या एका सरकारी लेखनिकाने या विषयाला हात घालावा, याचे कोणाला नवल वाटेल. परंतु संकट आणि निरोप यांचे नाते या शहराला अपरिचित नाही. १८९८ साली प्लेगने बंगळूर हादरले, तेव्हा निवारणाच्या कामात सुसूत्रता यावी म्हणून येथे टेलिफोनच्या तारा टाकण्यात आल्या. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या वसाहतीही त्याच संकटातून जन्मल्या. शिवाय मुंबईच्या समुद्रातील माणसांच्या निरोपाचा एक धागा आपल्या पेठेपासून दहा-बारा किलोमीटरांवरच्या पीण्यातून गेलेला आहे. तो धागा उलगडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर, जेथे समुद्र साधारण ७५ मीटर खोल आहे, तेथे 'बॉम्बे हाय' हे तेलक्षेत्र आहे. १९६० नंतरच्या दशकात भारतीय आणि सोव्हिएत तज्ज्ञांनी या भागाची पाहणी केली. पुढे जपानमध्ये बांधलेली 'सागर सम्राट' ही समुद्रतळावर पाय रोवून उभी राहणारी रिग तेल व नैसर्गिक वायू आयोगाने तेथे नेली, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागले. २१ मे १९७६ रोजी उत्पादनास आरंभ झाला. प्रथम तेल जहाजांत भरून आणीत; १९७८ साली समुद्रतळावरून उरणपर्यंत नळ टाकण्यात आला. अशा रीतीने तेलाला किनाऱ्यापर्यंत पक्की वाट मिळाली. माणसाच्या शब्दाला मात्र तशी वाट मिळणे इतके सोपे नव्हते.

याचे कारण पृथ्वीच्या आकारात आहे. शब्द आणि आकडे विपुल प्रमाणात वाहून नेणाऱ्या सूक्ष्मलहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी मात्र वाकलेली आहे. किनाऱ्यावर १०० मीटर उंचीचा मनोरा उभारला आणि समुद्रातही तेवढाच उंच दुसरा उभारला, तरी त्यांची एकमेकांशी दृष्टभेट सुमारे ८० किलोमीटरांपलीकडे होत नाही. बॉम्बे हाय त्याच्या दुप्पट अंतरावर आहे. लघुलहरींचा बिनतारी संदेश वातावरणाच्या वरच्या थरावर आदळून दूरवर जातो हे खरे. पण तो थर दिवसा एक आणि रात्री एक असा वागतो, आणि खरखरीतून शब्द वेचून काढावा लागतो. उत्तर समुद्रातील तेलविहिरींसाठी ब्रिटिशांनी तिसरा मार्ग काढला होता: प्रचंड शक्तीने लहरी क्षितिजावर फेकायच्या, आणि हवेच्या खालच्या थरात विखुरलेला त्यांचा अल्पसा अंश पलीकडे भल्यामोठ्या तबकडीने गोळा करायचा. हा मार्ग खर्चाचा आणि मोठ्या यंत्रांचा होता. पृथ्वीच्या पाठीवरून जाण्यापेक्षा तिच्या माथ्यावरून जाणे अधिक सोयीचे, हा विचार यातूनच बळावला.

समुद्रावरच्या बिनतारी निरोपाला तोवर साठ-सत्तर वर्षे झालेली होती, आणि त्याने दिलेला पहिला मोठा धडा यंत्राचा नव्हता. १९१२ च्या एप्रिलमध्ये 'टायटॅनिक' बुडाली, तेव्हा तिची हाक शेकडो मैलांवरच्या जहाजांनी ऐकली. परंतु अगदी जवळ असलेल्या 'कॅलिफोर्नियन' जहाजावरील एकुलता एक बिनतारी कारागीर दिवसाचे काम आटोपून झोपी गेला होता. हाक पोहोचली आणि ऐकणारा जागा नव्हता! १९१४ साली झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारात मोठ्या जहाजांवर अहोरात्र बिनतारी पहारा ठेवण्याचे बंधन आले, ते या अनुभवामुळेच. निरोपाच्या इतिहासात यंत्राइतकेच पहारेकऱ्याला महत्त्व आहे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे कारण पडणार आहे.

विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्या बरोबरीने फिरतो, म्हणून तो आकाशात एकाच जागी खिळल्यासारखा दिसतो. असे तीन उपग्रह बसविले तर जवळजवळ सर्व पृथ्वीवर संदेश पाठविता येतील, असे आर्थर क्लार्क यांनी १९४५ सालीच लिहून ठेवले होते. भारतात या कल्पनेचे पहिले मोठे ठाणे महाराष्ट्रात उभे राहिले, ही मराठी माणसाला सुखविणारी गोष्ट आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ आर्वी येथे १९७१ साली परदेशांशी उपग्रहाद्वारे बोलणारे केंद्र सुरू झाले. पुढे त्याला विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. डोंगरांच्या कुशीत इतर लहरींचा उपद्रव कमी होतो, हा अशा जागेचा मोठा गुण. त्याच परिसरात खोडद येथे पुढे विश्वातील रेडिओलहरी टिपणारी प्रचंड दुर्बीण उभारली गेली, तीही त्या शांततेच्याच शोधात. नंतरच्या काळात जहाजांशी बोलणाऱ्या इन्मारसॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचे भारतीय किनारी केंद्रही आर्वीलाच बसविण्यात आले. दर्यावरचा निरोप प्रथम सह्याद्रीच्या खोऱ्यात उतरावा, यात एक निराळेच औचित्य आहे.

परंतु परक्याच्या उपग्रहावर भाड्याने बोलणे निराळे आणि स्वतःचा उपग्रह असणे निराळे. येथे बंगळूरचे कार्य सुरू होते. पीण्यातील साध्या शेडमध्ये तयार झालेला 'आर्यभट' १९७५ च्या एप्रिलमध्ये अवकाशात गेला. १९७७ ते १९७९ या काळात फ्रान्स व जर्मनी यांच्या 'सिम्फनी' उपग्रहावर आपल्या अभियंत्यांनी दूरसंदेशवहनाचे प्रयोग करून हात बसविला. त्यानंतर आला 'ॲपल', आपला पहिला स्थिर कक्षेतील संदेशवाहक उपग्रह. तो १९ जून १९८१ रोजी युरोपच्या 'एरियान' अग्निबाणाने वर गेला. त्याच्या चाचणीसाठी धातूचा अडथळा नसलेले वाहन हवे होते, म्हणून शास्त्रज्ञांनी बैलगाडी आणली. ते छायाचित्र जगभर गाजले. अनेकांना त्यात दारिद्र्य दिसले. मला त्यात हाताशी असलेल्या साधनाचा अचूक उपयोग दिसतो. १९८२ चा 'इन्सॅट-१ए' काही महिन्यांतच निकामी झाला. १९८३ चा 'इन्सॅट-१बी' मात्र यशस्वी ठरला. हे दोन्ही उपग्रह अमेरिकेत बांधलेले होते, पण त्यांचे नियंत्रण आपल्याच राज्यातील हासनहून होत असे. शेवटी जुलै १९९२ मध्ये बंगळुरात बांधलेला 'इन्सॅट-२ए' वर गेला, आणि या व्यवस्थेचे परावलंबन पुष्कळसे सरले.

रिगवर या सर्वांचा अर्थ काय होता? एक-दोन मीटर व्यासाची तबकडी, आणि ती सदैव उपग्रहाकडे रोखून धरणारी यंत्रणा. पाय रोवलेल्या रिगवर हे काम सोपे. परंतु तरंगत्या जहाजावर लाटेबरोबर डेक झुकते, तेव्हा क्षणोक्षणी तबकडीला उलट दिशेने फिरवावे लागते. शब्दाला वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो, आणि उत्तर येईपर्यंत अर्धा. त्यामुळे नवखा माणूस बोलताना अडखळतो. अधिक कंपनांच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात, म्हणजे नेमका ज्या दिवशी निरोप अत्यावश्यक, त्याच दिवशी तो दुबळा होण्याचा संभव! हे दोष सांभाळूनही लाभ फार मोठा होता. विहिरीतील दाबाचे आकडे किनाऱ्यावरच्या तज्ज्ञाला तत्काळ दिसू लागले, हवामानाचे नकाशे येऊ लागले. आणि चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी अशा पाळीने जगणाऱ्या माणसाला घरच्या आजारपणाची बातमी हेलिकॉप्टरची वाट न पाहता कळू लागली. या शेवटच्या लाभाची नोंद उत्पादनाच्या तक्त्यात होत नाही.

याहून महत्त्वाची सोय संकटकाळची. अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी शीतयुद्धाच्या ऐन काळात, १९७९ साली, एकत्र येऊन 'कॉस्पास-सारसॅट' ही शोध व बचावाची उपग्रहव्यवस्था आखली. जहाज बुडू लागले की त्यावरील एक लहानसे संकेतयंत्र पाण्याच्या दाबाने आपोआप सुटते, वर तरंगते आणि आकाशाकडे हाक देऊ लागते. भारत या व्यवस्थेत सामील झाला. 'इन्सॅट-२' मालिकेच्या पहिल्या दोन उपग्रहांवर ती हाक झेलणारे यंत्र बसविण्यात आले, आणि भारताचे नियंत्रण केंद्र स्थापन झाले ते बंगळुरात, पीण्याच्या इस्ट्रॅक संस्थेत. तेथे अहोरात्र पहारा असतो. अरबी समुद्रात उठलेली हाक तेथे ओळखली जाते आणि मुंबईच्या तटरक्षक दलाकडे धाडली जाते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, तीन हजार फूट उंचीच्या पठारावर दर्यावरच्या बुडत्या माणसासाठी कोणी जागे असते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १ फेब्रुवारी १९९९ पासून जगभर नवी सागरी संकटव्यवस्था पूर्णपणे लागू झाली, आणि मोर्सच्या टिंबरेषांचे राज्य संपले.

येथे हा इतिहास थांबला असता, तर तो सुखान्त झाला असता. परंतु नंतरच्या दोन घटना वगळून तो लिहिता येत नाही. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई आदल्या दिवशीच्या प्रलयंकर पावसातून सावरलेली नसताना, 'समुद्र सुरक्षा' हे साहाय्यक जहाज बॉम्बे हायच्या उत्तर भागातील प्लॅटफॉर्मवर आदळले. जहाजावरील एका आचाऱ्याच्या बोटांना दुखापत झाली होती, आणि त्याला उपचारासाठी हलविण्याकरिता ते जवळ आले होते. वायुवाहक नळ फुटून आग भडकली आणि काही तासांत तो प्लॅटफॉर्म नाहीसा झाला; किमान २२ माणसे दगावली. तेथे निरोपाची उणीव नव्हती. जहाज आणि प्लॅटफॉर्म एकमेकांना डोळ्यांनी पाहत होते.

दुसरी घटना मे २०२१ मधील. तौक्ते चक्रीवादळाचे इशारे हवामान खात्याने कित्येक दिवस आधीपासून प्रसृत केले होते. उपग्रहांनी ते वादळ जन्मापासून पाहिले होते. अनेक नौका सुरक्षित जागी गेल्या. तेल महामंडळाच्या कामावर असलेला, स्वतःचे इंजिन नसलेला, २६१ माणसांच्या वस्तीचा 'पी-३०५' हा बार्ज मात्र समुद्रातच राहिला. त्याचे नांगर तुटले, तो वाहत गेला आणि १७ मे रोजी बुडाला. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून १८० हून अधिक माणसे वाचविली. सत्तरांवर माणसे वाचली नाहीत. सरकारने चौकशीसाठी उच्चस्तरीय समिती नेमली. दोष कोणाचा, हे ठरविणे या लेखाचे काम नव्हे. पण इतिहासाच्या अभ्यासकाला एक गोष्ट नाकारता येत नाही: १९७४ मध्ये जो निरोप खरखरीतून वेचावा लागत असे, तो २०२१ मध्ये स्वच्छ पोहोचला होता.

आम्हा लेखनिकांना या गोष्टीचा अर्थ समजण्यास फार विद्वत्ता लागत नाही. प्रत्येक कचेरीत आवक नोंदवही असते. कागद आला, त्यावर क्रमांक पडला, तारीख पडली, पोच दिली गेली. इतक्याने कागद निकाली निघत नाही. त्या नोंदीपुढे आणखी एक रकाना असतो: कोणी काय केले? विज्ञानाने पहिला रकाना भरण्याचा वेळ दिवसांवरून पाव सेकंदावर आणला. नवे, कमी उंचीवरून फिरणारे उपग्रह तो आणखी कमी करीत आहेत. दुसऱ्या रकान्याचा वेळ कमी करणारा उपग्रह मात्र कोणी बांधलेला नाही, आणि बांधता येणारही नाही; कारण तेथे काम थांबविण्याचा खर्च, कराराची मुदत, वरिष्ठांची मर्जी आणि जबाबदारी घेण्याचे धैर्य यांचा हिशेब असतो.

१९१४ च्या कराराने जहाजावर कोणीतरी जागे असलेच पाहिजे, असे ठरविले. आता त्यापुढचे पाऊल उरले आहे. इशारा मिळताच काम थांबवून माणसे परत आणण्याचा अधिकार नेमका कोणाचा, त्याचे नाव काय, आणि तसे केल्याने झालेला तोटा त्याच्या माथी मारला जाणार नाही याची हमी कोणाची, हे वादळापूर्वी लिहून ठेवलेले असावे. पीण्यातील पहारेकरी आपले काम रात्रंदिवस करीत आहे. त्याने पुढे धाडलेला निरोप ज्याच्या टेबलावर पडतो, त्यानेही तितकेच जागे असले पाहिजे.