माकडताप : जंगलातला आजार काजूच्या बागेत कसा येतो?

डिसेंबर ते मे या काळात दोडामार्ग, सावंतवाडी किंवा गोव्यातील सत्तरी भागात कोणाला अचानक जोराचा ताप आला, तर डेंग्यू आणि लेप्टोसोबत माकडतापाचाही विचार करावा लागतो. याचे वैद्यकीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज (केएफडी). १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाची साथ आली. तेव्हा हा विषाणू सापडला.

नावात माकड असले तरी माकडाच्या चाव्याने हा ताप येत नाही. तो पसरवते गोचीड. जंगलातले उंदीर, चिचुंद्र्या आणि गोचिडी यांच्यात हा विषाणू एरवीही फिरत असतो. वानर किंवा लाल तोंडाचे माकड त्याने आजारी पडले, की त्याचे रक्त पिणाऱ्या गोचिडींच्या पिल्लांत तो उतरतो. माकड मेले की ही पिल्ले खालच्या पातेऱ्यात पडतात, वाढतात आणि पुढच्या रक्तासाठी वाट पाहतात. माणसाला चावते ती बहुधा अशीच अर्धवट वाढलेली गोचीड. ती तिळाहून लहान असते, त्यामुळे चावल्याचे अनेकांना कळतच नाही.

मग आजार जंगलाच्या कडेलाच का दिसतो? कारण जंगल तोडून केलेल्या बागा माकडांच्या वाटेवरच येतात. काजू वेचायला वाकून पातेऱ्यात हात घालावा लागतो, लाकूडफाटाही तिथूनच आणला जातो. चरायला गेलेल्या गुरांवर मोठ्या गोचिडी पोसल्या जातात, आणि त्यांची संख्या वाढते. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात साथ आली, तेव्हा काजूचाच हंगाम होता.

गोचीड चावल्यावर साधारण ३ ते ८ दिवसांत थंडी-ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी आणि उलट्या सुरू होतात. काहींच्या नाका-हिरड्यांतून रक्त येते. ताप उतरल्यावर निर्धास्त होऊ नका. १० ते २० टक्के रुग्णांना एक-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो, हात थरथरतात, बोलण्यात गोंधळ होतो. साधारण ३ ते ५ टक्के रुग्ण दगावतात. विषाणूवर खास औषध नाही. सलाइन, रक्तस्रावावर लक्ष आणि वेळेवर दाखल करणे, हाच उपचार. कर्नाटकात पूर्वी दिली जाणारी लस आता वापरात नाही. रुग्णाची सेवा करताना घाबरू नका, हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही.

बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पायमोज्यांत पँट खोचा, आरोग्य केंद्रात गोचीड-प्रतिबंधक तेल मिळत असेल तर ते उघड्या अंगाला लावा. घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, कपडेही गरम पाण्यात टाका. अंगावरची गोचीड बोटांनी चिरडू नका, चिमट्याने धरून सरळ ओढून काढा. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनविभागाला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

तापात ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा, “गेल्या आठवड्यात काजूच्या बागेत गेलो होतो.” सुरुवातीच्या दिवसांत रक्ताची आरटी-पीसीआर तपासणी करायची की नाही, हे बऱ्याचदा या एका वाक्यावर ठरते.