आवाज अडला कुठे?

गेल्या वर्षी श्रावणात मंडळाच्या कार्यालयाची साफसफाई काढली. कपाटे पुसून झाली, सतरंज्या झटकून झाल्या, आणि कोपऱ्यातला जुना डेस्कटॉप संगणकही उघडून आतली धूळ ब्रशने काढली. झाकण लावून बटण दाबले. संगणक नेहमीसारखा सुरू झाला, पण त्याचा आवाज गेला होता. पडद्यावर गाणे पुढे सरकत होते, आवाजाची पट्टी वरपर्यंत होती, आणि स्पीकर मात्र गप्प.

‘भंगारात द्या’ असे एक-दोघांनी लगेच सुचवले. पण वीसेक वर्षांपूर्वी मंडळाच्या कॅसेटी आम्ही याच संगणकात उतरवल्या होत्या. त्यात कीर्तने होती, नाट्यप्रवेश होते आणि एका आजोबांचे तासाभराचे बोलणे होते. 1939 मध्ये सयाजीराव महाराज गेले तेव्हा हे आजोबा बडोद्यात शाळेत शिकत होते. त्या दिवसांचे बडोदे त्यांनी स्वतःच्या तोंडून सांगितले होते. ‘आता संगणकात आहे ना’ म्हणून कॅसेटी आम्हीच टाकून दिल्या.

यंत्र मुके झाले म्हणजे आतली नोंद गेली असे नव्हे, हे आमच्यातल्या एका तरुणाने पहिल्यांदा समजावले. फाइल हार्ड डिस्कवर असते; ती ऐकू येण्याचा रस्ता वेगळा असतो. त्याने सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर लावल्या. कीर्तने स्वच्छ ऐकू आली. आजोबांचे बोलणे मात्र फाटलेले, खरखरीत, निम्मे शब्द न कळणारे निघाले. म्हणजे प्रश्न दोन झाले: यंत्राचा आवाज कुठे अडला, आणि आजोबांचा आवाज कुठे फाटला? उत्तरे शोधताना ध्यानात आले की संगणकाला आवाज टप्प्याटप्प्याने मिळाला, आणि प्रत्येक टप्प्याने आवाज अडण्याची एकेक नवी जागा मागे ठेवली.

1981 मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा त्याच्या पेटीत एक लहानसा स्पीकर होता. त्याचे काम ‘बीप’ करण्याचे. आतली एक घड्याळ-चिप ठरावीक गतीने वीज चालू-बंद करी आणि तेवढाच सूर निघे. जुन्या डेस्कटॉपमध्ये हा स्पीकर पुढेही बरीच वर्षे राहिला. सुरू होताना ‘बीप’ ऐकू येते, मग गाणे का नाही, असा घोटाळा अनेकांचा होतो. बीपचा रस्ता आणि गाण्याचा रस्ता निराळे आहेत. एक चालतो म्हणून दुसरा चालेलच असे नाही.

गाण्याचा रस्ता उघडला तो साउंड कार्डाने. 1987 मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमधून ‘ॲड लिब’ हे कार्ड आले. त्यावर यामाहाची चिप होती आणि ती एका वेळी नऊ स्वर वाजवी. ज्या एफएम पद्धतीने ते स्वर तयार होत, ती अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाऊनिंग यांनी शोधली होती. पण हे कार्ड वाद्यासारखे वाजे. माणसाचे बोलणे नोंदवण्याची सोय त्यात नव्हती. ती सोय 1989 मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने, म्हणजे सिम वाँग हू यांच्या कंपनीने, ‘साउंड ब्लास्टर’मध्ये दिली. 1992 च्या ‘साउंड ब्लास्टर 16’ मध्ये सीडीच्या तोडीचा आवाज, म्हणजे सेकंदाला 44,100 नमुने आणि प्रत्येक नमुना 16 बिटांचा, घरच्या संगणकावर आला.

याबरोबर डोकेदुखीही आली. संगणकातल्या प्रत्येक भागाला प्रोसेसरला हाक मारण्यासाठी एक क्रमांक लागे. त्याला आयआरक्यू म्हणत. असे क्रमांक सोळाच, आणि त्यातले बरेच आधीच दिलेले. सुरुवातीच्या साउंड ब्लास्टरला 7 हा क्रमांक ठरवून दिलेला असे, आणि प्रिंटरच्या पोर्टचाही तोच. दोघांची टक्कर झाली की आवाजाचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राही किंवा सगळेच ठप्प होई. मग पेटी उघडायची, कार्डावरचे जंपर हलवून 5 क्रमांक लावायचा आणि सुरुवातीच्या फाइलीत पत्ता 220, क्रमांक 5, असे लिहून ठेवायचे. त्या काळी ज्यांच्याकडे संगणक होता, त्यांतल्या कित्येकांना 220 आणि 5 हे आकडे तोंडपाठ होते.

1995 च्या ऑगस्टमध्ये विंडोज 95 आले आणि क्रमांक लावण्याचे काम संगणक स्वतः करू लागला. तेव्हापासून तक्रार पाहण्याची जागा झाली ‘डिव्हाइस मॅनेजर’. साउंडच्या नावापुढे पिवळे उद्गारचिन्ह दिसले की समजायचे, ड्रायव्हर नाही किंवा चुकीचा आहे. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाष्या. संगणक ‘फॉरमॅट’ केल्यावर आवाज जायचा तो याच कारणाने. मदरबोर्डबरोबर आलेली ड्रायव्हरची सीडी तोवर कुठल्या तरी खणात हरवलेली असे.

याच सुमारास मल्टिमीडिया किटचे दिवस आले, आणि एक गमतीची तक्रारही आली: खेळांचे आवाज येतात, पण गाण्याची सीडी लावली की शांतता. कारण सीडी ड्राइव्हमधून गाणे एका वेगळ्या बारीक केबलने थेट साउंड कार्डाकडे जाई. जोडणी करणारा ती केबल विसरला की ड्राइव्ह फिरे, वेळ पुढे सरके, आणि ऐकू काही येत नसे. पुढे विंडोज एक्सपीच्या काळात संगणक सीडीवरचे गाणे मुख्य डेटा केबलमधूनच वाचू लागला आणि त्या बारीक केबलची गरज संपली.

1997 मध्ये इंटेलने ‘एसी 97’ हे प्रमाण आखले. साउंड मदरबोर्डवरच आला आणि वेगळ्या कार्डाचा खर्च वाचला. मागच्या जॅकना रंगही ठरले: हिरवा स्पीकरचा, गुलाबी मायक्रोफोनचा, निळा बाहेरच्या टेपरेकॉर्डरसारख्या यंत्रातून आवाज आत घेण्याचा. त्यानंतर हेडफोनसाठी पेटीच्या पुढच्या बाजूलाही जॅक आले. हेडफोन लावला की मागचे स्पीकर आपोआप बंद व्हावेत, म्हणून आवाज आधी मदरबोर्डवरच्या काही पिनांमार्गे पुढच्या जॅककडे जाई आणि तिथून परत मागच्या हिरव्या जॅककडे येई. ज्या पेटीत पुढची जोडणी नसे, तिथे त्या पिनांवर दोन जंपर बसवून रस्ता जोडून दिलेला असे.

आमचा संगणक नेमका याच पिढीचा. आम्ही आधी स्पीकर मोबाइलला लावून पाहिले. ते ठीक होते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह नव्हते. ‘म्यूट’वर खूण नव्हती. मग पेटी उघडून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर त्या पिना उघड्या! दोन जंपरांपैकी एक पेटीच्या तळाशी पडलेला मिळाला, दुसरा खोलीतल्या केरसुणीत. आमच्याच ब्रशने ते उडवले होते. वीज पूर्ण काढून दोन्ही जागेवर बसवले, आणि संगणक बोलू लागला. खर्च शून्य.

आजोबांच्या आवाजाचे उत्तर मात्र कठीण होते. बाकीच्या कॅसेटी निळ्या जॅकमधून उतरवलेल्या होत्या. ही एक, बहुधा घाईत, गुलाबीत. मायक्रोफोनचा आवाज फार क्षीण असतो, म्हणून गुलाबी जॅक तो कितीतरी पटींनी वाढवून घेतो. टेपरेकॉर्डरचा मुळातच जोरकस आवाज तिथे दिला की लहरींची टोके कापली जातात, आणि कापलेली टोके परत येत नाहीत. सुरू झालेल्या संगणकावरही ती फाइल तशीच फाटकी वाजली. बिघाड यंत्रात नव्हता, उतरवण्यात होता.

यातून आम्ही दोन गोष्टी शिकलो. आवाज नसला की आधी साधा रस्ता तपासावा: स्पीकर, जॅक, म्यूट, ड्रायव्हर, मग पेटीच्या आत. यंत्र भंगारात देण्याचा विचार सगळ्यात शेवटी. आणि उतरवलेले पूर्ण ऐकल्याशिवाय मूळ कॅसेट कधीही टाकू नये. तेव्हा कुणीतरी पाच मिनिटे कान दिला असता, तर तो तास आज आपल्याकडे असता.

त्या कार्यक्रमाला त्या वेळी बरीच कुटुंबे होती आणि काहींनी आपापले टेपरेकॉर्डर आणले होते, असे जुने सभासद सांगतात. आपल्या माळ्यावर, देवघराशेजारच्या कपाटात, जुन्या ट्रंकेत त्या काळची एखादी कॅसेट असेल, वर नाव नसले तरी, ती कृपया मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावी. संगणक आता चालू आहे, आणि कॅसेट निळ्या जॅकमधूनच उतरवली जाईल. आपल्यासमोर ऐकून झाल्यावर ती आपल्याला परत मिळेल.