उचल आधी, शिष्यवृत्ती नंतर



आजचा विषय ‘हुशार विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांचा इतिहास’ असा जाहीर झाला आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. इतिहास हा आमचा पोटापाण्याचा विषय नव्हे. पण शिष्यवृत्तीशी आमचा संबंध दोन्ही बाजूंनी आला. आधी तिची वाट बघणारा विद्यार्थी म्हणून, आणि नंतर वाट बघणाऱ्यांचा मास्तर म्हणून. तेवढ्या अधिकारावर बोलतो आहोत.

सुरुवात शब्दापासून करू. ‘वृत्ती’ म्हणजे उपजीविका. शिकणाऱ्याचं पोट चालावं म्हणून दिलेली ती शिष्यवृत्ती. आता गंमत बघा, इंग्रजीतला ‘स्कूल’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्या ‘स्खोले’चा मूळ अर्थ आहे फुरसत. शिकायला डोकं लागतं हे खरं, पण त्याआधी मोकळा वेळ लागतो. सुखवस्तू घरातल्या मुलाला तो जन्मतःच मिळतो. गरीब घरातल्या मुलाचा वेळ आधीच कामाला जुंपलेला असतो. शिष्यवृत्ती म्हणजे समाजानं तो वेळ सोडवून मुलाच्या हाती देणं. म्हणून कुठल्याही शिष्यवृत्तीला आम्ही एकच प्रश्न विचारतो : वेळ सुटला का? रकमेचा प्रश्न त्यानंतरचा.

आपल्याकडे ही कल्पना फार जुनी आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथं १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथं मठ काढला, आणि यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. त्यात बाजारातल्या मालाचा ठरावीक हिस्सा मठाला लावून दिलेला आहे. म्हणजे शिकणाऱ्यांनी दरवेळी कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. बाजार भरला की मठाचा वाटा येणारच. आठशे वर्षांपूर्वी ही व्यवस्था सुचली होती, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

दुसरा टप्पा पेशवाईतल्या दक्षिणेचा. श्रावणात पुण्याला विद्वान जमत, त्यांची परीक्षा होई आणि दक्षिणा मिळे. पण हे दार एकाच जातीला उघडं होतं, आणि कित्येकदा विद्येपेक्षा गर्दीच मोठी असे. १८१८ नंतर इंग्रजांनी हा खर्च कमी केला आणि १८२१ मध्ये पुण्यात विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. १८४९ मध्ये पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज केला, की दक्षिणेतला काही पैसा मराठी ग्रंथांना बक्षिसं द्यायला वापरा. शहरात खळबळ माजली. जोतीराव फुले सुधारकांच्या बाजूनं उभे राहिले. पुढे याच पैशातून कॉलेजातल्या हुशार पदवीधरांना ‘दक्षिणा फेलो’ नेमलं जाऊ लागलं. न्यायमूर्ती रानडे त्यांतलेच. धर्मादाय पैसा सार्वजनिक विद्येकडे वळला, तो असा भांडून वळला.

तिसरा टप्पा संस्थानिकांचा, आणि त्यातलं सर्वांत मोठं उदाहरण तुम्हाला ठाऊकच आहे. सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना दरमहा २५ रुपये दिले. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात करार होता : शिक्षण संपल्यावर १० वर्षं बडोदा संस्थानची नोकरी.

इथं थोडं थांबू. आपण ही गोष्ट नेहमी कृतज्ञतेनं सांगतो, ते योग्यच आहे. पण तिचा दुसरा भाग गाळतो. बाबासाहेब १९१६ साली लंडनला गेले, तिथला अभ्यास सुरू झाला आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. वेगळ्या जहाजानं पाठवलेली पुस्तकं पाणतीराच्या हल्ल्यात बुडाली. कराराप्रमाणे बडोद्यात नोकरीवर हजर झाले, तर अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. नोकरी सोडावी लागली. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्राकडून कर्ज घेतलं, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठलं. तीन वर्षं मध्ये गेली. एवढ्या बुद्धीच्या माणसाची! तो बाबासाहेबांचा निश्चय होता म्हणून धागा पुन्हा जुळला. व्यवस्था मात्र अशा निश्चयावर उभी करता येत नाही.

आता आपल्या भागाकडे येऊ. बीड १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होतं. निजाम सरकार शिष्यवृत्त्या देत नव्हतं असं नाही. १८९५ साली सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू, निजामाच्याच शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या. पण ती राजधानीतली गोष्ट. बीडच्या मराठी मुलाला पुढं शिकायचं तर औरंगाबादचं इंटरमिजिएट कॉलेज, नाहीतर हैदराबादचं १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ. आणि तिथं माध्यम उर्दू. १९३८ साली विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणायचा आग्रह धरला, तर त्यांना बाहेर काढलं गेलं. नागपूर विद्यापीठानं त्यांतल्या अनेकांना प्रवेश दिला म्हणून त्यांची वर्षं वाचली. कृपेनं मिळालेली जागा गैरमर्जी होताच जाते, हा त्यातला धडा.

कृपेचा हक्क झाला तो बाबासाहेबांच्याच प्रयत्नांनी. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली, केंद्र सरकारची अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ती पुढे अनुसूचित जमातींनाही लागू झाली. आणि १९५० साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं पीपल्स कॉलेज निघालं. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आलं. शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि जवळचं कॉलेज, हे तिन्ही एकत्र आलं तेव्हा कुठं आमच्या पिढीतली खेड्यातली पोरं पदवीपर्यंत पोचली. यातलं एक जरी काढलं तरी बाकीची दोन लंगडी पडतात.

आज योजनांची यादी लांबलचक आहे. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. संशोधकांना बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. आकडे चांगले आहेत. मग अडतं कुठं?

ते बीडमध्ये जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमाराला गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम त्या कोयत्याला हंगामाआधी उचल देतो. पावसाळ्यातलं दुखणं, मुलीचं लग्न, बियाणं, सगळं त्या उचलीवर निभावतं. मग ऊस तोडून ती फेडायची, आणि फिटली नाही तर पुढचा हंगाम बांधला जातो. उचल वाईट आहे, माणसाला जखडणारी आहे. पण तिच्यात एक गुण आहे : ती वेळेवर येते. गरज असते तेव्हा रोख हातात पडते. शिष्यवृत्ती मोकळी आहे, फेडायची नाही, हक्काची आहे. पण ती नंतर येते. अर्ज, उत्पन्नाचा दाखला, पडताळणी, त्रुटी, पुन्हा अर्ज, आणि वर्ष संपल्यावर हप्ता. २०२३ साली संशोधक विद्यार्थी अधिछात्रवृत्तीसाठी मुंबईच्या आझाद मैदानावर बसले होते. ज्यांनी ग्रंथालयात बसायचं, ते मैदानावर.

आमच्या वर्गातला एक मुलगा सांगतो. नाव-गाव सांगत नाही. ऊसतोड कामगाराचं पोर, बी.ए.ला तत्त्वज्ञानात पहिला. एम.ए.ला आला तेव्हा खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे थकले. शिष्यवृत्ती मंजूर होती, पण यायची होती. तो दोनदा आमच्याकडे आला. दोन्ही वेळा आम्ही म्हणालो, “धीर धर बाबा, येईल.” कार्तिकात तो यायचा बंद झाला. वडलांनी त्याच्या नावावर उचल घेतली होती, मेसचं देणं फेडायला. पुढच्या पावसाळ्यात रक्कम आली. सही करायला विद्यार्थीच नाही, म्हणून परत गेली.

कचेरीला दोष देणं सोपं आहे, आणि तो आहेच. पण ‘धीर धर’ हे आम्हीच म्हणालो होतो. तोपर्यंत आम्ही कितीतरी वर्षं स्वातंत्र्य या विषयावर व्याख्यानं देत होतो. दोन महिन्यांचे मेसचे पैसे आमच्या पगारातून सहज देता आले असते. सुचलं नाही, कारण शिष्यवृत्ती मंजूर आहे म्हणजे ती मिळाली, असा आमचाही समज होता. पगार एक तारखेला हातात पडणाऱ्याला असंच वाटतं.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. शिष्यवृत्ती हंगामाच्या आधी द्या. पहिला हप्ता प्रवेशाच्या दिवशी, पडताळणी मागाहून. चुकून एखाद्याला जास्त गेले तर पुढच्या हप्त्यातून वळते करता येतील. गेलेलं वर्ष कशातून वळतं करणार? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ साली आली, ती या दिशेनंच आहे, कारण मूल मागे राहिलं तरच पुढं शिकणार. आणि कॉलेजांनी, माजी विद्यार्थ्यांनी एक छोटा फिरता निधी ठेवावा. मंजुरी दाखवा, रक्कम घ्या, हप्ता आला की परत भरा. फार मोठा पैसा लागत नाही त्याला. पाटणच्या मठाला बाजारातला वाटा असाच लावून दिला होता.

तो मुलगा आता कुठं असेल ते आम्हाला ठाऊक नाही. हे ऐकणाऱ्यांत कुणी मास्तर असाल, आणि उद्या कुणी दारात येऊन “सर, अजून आली नाही” म्हणालं, तर धीर धर म्हणू नका. मेसचं किती देणं आहे, ते विचारा.