युरोपीय महासंघाशी करार करायचा तर सही नेमकी कोणाची लागते?

२०१४ च्या मे महिन्यात, ऐन हंगामात, हापूससह सगळ्या भारतीय आंब्यांना युरोपची दारं बंद झाली. फळमाशी आणि इतर किडी सापडल्यामुळे युरोपीय महासंघाने आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांच्या आयातीवर बंदी घातली होती. आंब्याचा मोठा ग्राहक असलेल्या ब्रिटनमध्ये व्यापाऱ्यांनी ओरड केली. पण ब्रिटन तेव्हा महासंघाचा सदस्य होता आणि ही बंदी एकट्याने उठवण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. भारताने तपासणीची व्यवस्था सुधारल्यावर २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली. तो निर्णयही लंडनमध्ये नाही, महासंघाच्याच पातळीवर झाला.

स्वतंत्र, सार्वभौम देशाला आपल्या बाजारात काय येऊ द्यायचं हेही ठरवता येत नाही, असं कसं? याचं उत्तर महासंघाच्या परराष्ट्र संबंधांच्या कायद्यात आहे.

महासंघ देश नाही, मग तो करार कसा करतो?

१ डिसेंबर २००९ रोजी लागू झालेल्या लिस्बन कराराने महासंघाला स्वतंत्र कायदेशीर व्यक्तिमत्त्व दिलं. त्यामुळे तो स्वतःच्या नावाने करार करू शकतो. मात्र एक मोठी अट आहे. सदस्य देशांनी करारांद्वारे जेवढे अधिकार दिले आहेत, तेवढेच महासंघाला वापरता येतात. न दिलेले अधिकार देशांकडेच राहतात.

कोणता अधिकार कोणाकडे?

ढोबळमानाने तीन कप्पे आहेत.

- फक्त महासंघाचे विषय: सीमाशुल्क, परदेशांशी व्यापार धोरण, युरो वापरणाऱ्या देशांचं चलन धोरण, सागरी जीवसंपत्तीचं संवर्धन इत्यादी. जर्मनी किंवा फ्रान्स भारताशी स्वतंत्र मुक्त व्यापार करार करू शकत नाहीत, ते यामुळेच.
- सामायिक विषय: पर्यावरण, वाहतूक, ऊर्जा वगैरे. पॅरिस हवामान करारात महासंघ आणि त्याचे सदस्य देश, दोघेही सहभागी आहेत.
- परराष्ट्र आणि सुरक्षा धोरण: याचे नियम वेगळे आहेत. इथे बहुतेक निर्णयांना सर्व देशांची सहमती लागते.

१९७१ च्या निकालाला एवढं महत्त्व का?

ही वाटणी कागदावर सोपी दिसते, पण सीमारेषा न्यायालयात ठरत गेली. सुरुवात झाली ट्रकचालकांच्या कामाच्या तासांवरून. आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतुकीतल्या वाहनचालकांच्या कामाबद्दल एक युरोपीय करार होणार होता. सदस्य देशांनी ही बोलणी आपणच करायची असं ठरवलं. युरोपीय आयोग त्याविरुद्ध न्यायालयात गेला.

मूळ करारात वाहतुकीबद्दल परदेशांशी करार करण्याचा अधिकार स्पष्टपणे दिलेला नव्हता. तरीही लक्झेंबर्गच्या न्यायालयाने म्हटलं की, एखाद्या विषयावर समान अंतर्गत नियम केले असतील, तर त्या नियमांना बाधा येईल असे करार सदस्य देश करू शकत नाहीत. बोलणी आधीच बरीच पुढे गेल्यामुळे आयोग तो खटला हरला, पण तत्त्व कायम राहिलं. पुढे लिस्बन करारात ते लिहूनच टाकण्यात आलं.

आंब्याच्या बाबतीतही असंच काहीसं झालं. किडींपासून संरक्षणाचे नियम सगळ्या महासंघासाठी एकच असल्यामुळे ब्रिटनला वेगळी वाट धरता आली नाही.

करार होतो कसा?

आधी मंत्री परिषद, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांचं व्यासपीठ, बोलणी सुरू करायला परवानगी देते. प्रत्यक्ष वाटाघाटी साधारणपणे युरोपीय आयोग करतो. मसुदा तयार झाला की सहीला मंजुरी पुन्हा परिषदच देते. व्यापारासह बहुतेक महत्त्वाच्या करारांना युरोपीय संसदेची संमती लागते आणि शेवटचं शिक्कामोर्तब परिषद करते.

संसदेची संमती ही औपचारिकता नाही. बनावट मालाविरोधातला ‘अ‍ॅक्टा’ हा आंतरराष्ट्रीय करार जुलै २०१२ मध्ये संसदेने ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला. महासंघासाठी तो तिथेच संपला.

करार पक्का होण्याआधी न्यायालयाचं मतही मागवता येतं. ते प्रतिकूल आलं, तर मसुदा किंवा महासंघाचे मूळ करार बदलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मानवी हक्कांच्या युरोपीय करारात महासंघाने सामील होण्याचा मसुदा २०१४ मध्ये याच टप्प्यावर अडला.

मग एक प्रांत अख्खा करार कसा अडवू शकतो?

करारात महासंघाचे आणि देशांचे, असे दोन्हींचे विषय असतील तर त्याला ‘मिश्र करार’ म्हणतात. त्यावर महासंघासोबत प्रत्येक सदस्य देशाची सही आणि मंजुरी लागते.

कॅनडाबरोबरचा ‘सेटा’ करार असाच. बेल्जियमच्या राज्यघटनेनुसार तिथल्या प्रांतांनाही अशा करारात अधिकार आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये सुमारे ३६ लाख लोकसंख्येच्या वॅलोनिया प्रांताने नकार दिला आणि ठरलेला सहीचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. शेती आणि कंपन्यांनी सरकारांवर दावे करण्याची तरतूद, हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. काही स्पष्टीकरणं आणि आश्वासनं मिळाल्यावर ३० ऑक्टोबरला सह्या झाल्या.

सप्टेंबर २०१७ पासून या कराराचा बराचसा भाग तात्पुरता लागू झाला. पण देशोदेशींची मंजुरी पुढे कित्येक वर्षं रेंगाळली. २०२० मध्ये सायप्रसच्या प्रतिनिधीगृहाने करार नाकारला. तरीही सायप्रस सरकारने तो नकार महासंघाला औपचारिकपणे कळवला नाही, त्यामुळे तात्पुरती अंमलबजावणी चालूच राहिली.

सिंगापूरच्या प्रकरणाने काय बदललं?

मे २०१७ मध्ये न्यायालयाने सिंगापूर करारावर मत दिलं. त्यातला जवळपास सगळा भाग महासंघाच्या एकट्याच्या अधिकारात येतो, असं न्यायालयाने सांगितलं. अपवाद प्रामुख्याने दोन होते. एक, थेट नसलेली परकीय गुंतवणूक. दुसरा, गुंतवणूकदार आणि सरकार यांच्यातले वाद सोडवण्याची यंत्रणा.

यावर उपाय म्हणून कराराचे दोन तुकडे करण्यात आले. व्यापाराचा करार नोव्हेंबर २०१९ मध्ये लागू झाला. गुंतवणूक संरक्षणाचा करार देशोदेशींच्या मंजुरीसाठी वेगळा ठेवण्यात आला.

परराष्ट्र धोरणात एकमत नसेल तर?

तर निर्णय अडतो. रशियावरच्या आर्थिक निर्बंधांची मुदत दर सहा महिन्यांनी वाढवण्याची पद्धत पडली. त्यामुळे हंगेरीसारख्या देशाच्या एका मताला वारंवार प्रचंड वजन आलं. ज्यांच्यावर निर्बंध लादले जातात, त्या व्यक्ती आणि कंपन्या मात्र महासंघाच्या न्यायालयात दाद मागू शकतात.

भारतासाठी याचा अर्थ काय?

भारत आणि महासंघ यांच्यातली व्यापार बोलणी २००७ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये थांबली. २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा तीन स्वतंत्र विषय मांडण्यात आले. मुक्त व्यापार, गुंतवणूक संरक्षण आणि भौगोलिक मानांकन. सिंगापूरनंतरची महासंघाची पद्धत हीच आहे. निव्वळ व्यापाराच्या कराराला परिषद आणि युरोपीय संसदेची मंजुरी पुरते. गुंतवणूक संरक्षणाच्या करारात मात्र प्रत्येक सदस्य देशाची मंजुरी लागू शकते.

अशी विभागणी केली की करार लवकर होतात. पण वॅलोनियासारख्या प्रांताच्या किंवा छोट्या देशाच्या संसदेला व्यापाराच्या भागावर नकार देण्याची संधी उरत नाही. टीकाकारांचा आक्षेप नेमका यावर आहे. तर समर्थकांच्या मते, एका प्रांताने कोट्यवधी लोकांचा करार रोखणं हीसुद्धा लोकशाही नाही.