शालाप्रवेशाची पूर्वतयारी आणि घरची भाषा : बोर्डी ते धानोरा

मूल प्रथम शाळेत जाते त्या दिवशी त्याची कोणती तयारी झालेली असावी, हा प्रश्न महाराष्ट्रात शास्त्रीय रीतीने विचारला गेला त्याला अद्याप पुरते शतक झाले आहे, इतकेच. तत्पूर्वी सहा वर्षांखालील मुलाचे शिक्षण ही घराची बाब समजली जाई, आणि तयारी म्हणजे पाटीवर गिरविलेली मुळाक्षरे व तोंडपाठ पाढे. या समजुतीला पहिला मोठा धक्का बसला तो भावनगरास. गिजुभाई बधेका यांनी तेथे १९२० मध्ये बालमंदिर काढले. पुढे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसरीबाईंच्या विचारातून या मंडळींनी उचललेले सूत्र असे की, हात, डोळा व कान यांना वळण लागल्यावर अक्षर सहज येते. अक्षर आधी लादल्यास हे वळण मात्र लागत नाही.

परंतु हे बालमंदिर शहरातले होते आणि त्याची साधने महाग होती. १९४५ मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. लाकडी ठोकळ्यांच्या जागी बिया, खडे, शिंपले व पाने आली. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच मुलांच्या पाड्यावर, कोणाच्या तरी अंगणात भरू लागली. हीच अंगणवाडी. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही चालल्या. शासनाच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेला २ ऑक्टोबर १९७५ रोजी प्रारंभ झाला, तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेले. नाव गेले तितक्या सहजतेने त्यामागील पद्धत गेली, असे मात्र म्हणता येत नाही.

कोसबाडच्या प्रयोगाचे यश सांगताना एक गोष्ट बहुधा सुटते. तेथील मुले वारली होती, आणि वारली बोली ही मराठीशी निकटचे नाते असलेली आर्यभाषाकुलातील बोली होय. शिक्षिकेने थोडा कान दिला तर मूल काय म्हणते ते तिला उमगे, आणि तिचे बोलणे मुलालाही निदान अर्धे कळे. म्हणजे घर आणि शाळा यांतील अंतर तेथे मुख्यतः जागेचे, दारिद्र्याचे आणि सवयींचे होते. ते अंगणाने भरून निघाले.

धानोऱ्याची स्थिती निराळी आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्वेस, छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेला हा वनप्रदेश २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात मोडत होता. येथील बहुसंख्य गावांतून घरची भाषा गोंडी आहे. गोंडी ही द्राविड कुलातील. ग्रीअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) तिची नोंद त्याच कुलाखाली झाली. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी आपली मातृभाषा गोंडी अशी सांगितली. तरीही संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. मराठी बोलणाऱ्या घरांतही येथे झाडीबोली चालते, आणि तेथील मुलाचे ‘पानी’ शाळेत ‘पाणी’ होते. पण तो फरक एका वर्णाचा आहे.

गोंडी मुलापुढील अडचण शब्दांपुरती नाही. मराठीत तीन लिंगे आहेत, आणि भिंत पडली, खांब पडला, झाड पडले, असा भेद करताना अर्थाचा आधार फारसा मिळत नाही. गोंडीची वाटणी अर्थावर उभी आहे. एकवचनात पुरुषवाचक नामे एका वर्गात. स्त्री, गाय, झाड, गाडी ही सारी दुसऱ्या वर्गात. आई आली आणि गाडी आली या दोन्हींस क्रियापद एकच लागते. अशा मुलाने मराठीत लिंग चुकविले तर तो बुद्धीचा दोष नसून एका सुसंगत व्याकरणाचा दुसऱ्या व्याकरणात झालेला प्रवेश होय. गणिताचेही तसेच. उंदी, रंड, मूंद, नालूंग असे एकपासून चारपर्यंत मोजणारे मूल पुरुषांची संख्या सांगताना वेगळी रूपे योजते. (बोलीपरत्वे रूपांत फरक आहेत.) मराठीतही दोन आंबे आणि दोघे भाऊ असा भेद आहेच, पण मराठी दोघी बहिणींना माणसांच्या गणनेत धरते, तर गोंडी त्यांना ‘रंड’ या रूपाखाली घेते. पाच वर्षांच्या मुलाला हे सर्व येत असते. पहिलीच्या वर्गात मात्र त्याची गणती काहीच न येणाऱ्यांत होण्याचा संभव असतो.

१९५६ हे वर्ष या संदर्भात लक्षणीय आहे. त्याच वर्षी विदर्भ मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५० क समाविष्ट होऊन भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यांना सांगण्यात आले. १९६० मध्ये मराठी भाषकांचे राज्य झाले. ज्या न्यायाने मराठीला राज्य मिळाले, तोच न्याय राज्यातील गोंडीला लावण्याचा विचार फार उशिरा सुरू झाला.

अंगणवाडी सेविका शक्यतो त्याच गावची असावी, हा नियम येथे अनपेक्षितपणे उपकारक ठरतो. सेविका गोंडी घरातील असेल तर वर्गात गोंडी आपोआप येते. परंतु ती येते सेविकेच्या तोंडून, अभ्यासक्रमातून नव्हे. २०२२ मध्ये राज्यात ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारी अभियान झाले. मेळाव्यांतून मुलांचा शारीरिक, बौद्धिक, भाषिक व गणनपूर्व विकास पाहण्यात आला, आणि मातांचे गट करून घरी करावयाच्या कृती त्यांच्या हाती देण्यात आल्या. मातेला शिक्षिका मानणारी ही कल्पना ताराबाईंच्या परंपरेतीलच होय. मात्र भाषिक तयारी मराठीतच मोजली, तर धानोऱ्याच्या मातेजवळचे सर्वांत समृद्ध साधनच त्या मोजणीबाहेर राहते.

याच तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल’ नावाची गोंडी माध्यमाची शाळा काढली. गोटुल म्हणजे गोंड गावातील तरुणांच्या एकत्र येण्याची व लोकरीत शिकण्याची जागा. ते नाव शाळेला देण्यात शाळा आपल्या घरचीच असल्याचा दावा आहे. कोसबाडला शाळा अंगणात आणली ती शिक्षिकांनी. येथे गावानेच आपल्या अंगणाची शाळा केली. पुढे मान्यता नसल्याच्या कारणावरून शिक्षण विभागाने तिला नोटीस दिली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. वाद ज्या कायद्याचा, तो २००९ चा शिक्षणहक्क कायदा. त्याचे कलम १८ मान्यतेवाचून शाळा चालविण्यास मनाई करते व त्यासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. त्याचेच कलम २९ शिक्षणाचे माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावी असे म्हणते. ‘शक्य तोवर’ या दोन शब्दांचा अर्थ कोणी ठरवावयाचा, हे मात्र कायद्यात लिहिलेले नाही.