टे नदीवरचा पूल आणि वाऱ्याचा हिशेब

१/६
२८ डिसेंबर १८७९ ची वादळी रात्र. स्कॉटलंडमधील डंडी शहराकडे निघालेली आगगाडी टे नदीच्या पुलावर चढली, ती पैलतीरी पोहोचलीच नाही. पुलाचे मधले उंच गाळे गाडीसह नदीत कोसळले. गाडीतील एकही जीव वाचला नाही.

२/६
सुमारे ३ किलोमीटर लांबीचा हा लोखंडी पूल अवघ्या १९ महिन्यांपूर्वी खुला झाला होता. त्याचे रचनाकार टॉमस बाउच यांना ‘सर’ हा किताब मिळून वर्षही लोटले नव्हते.

३/६
ओतीव लोखंड दाब उत्तम सोसते. ताण पडताच मात्र तडकते. पुलाचे उंच खांब ओतीव लोखंडाचे होते. त्यांना परस्परांशी जखडणाऱ्या तिरप्या पट्ट्या खांबांसोबतच ओतलेल्या ‘कानां’ना जोडलेल्या होत्या. वादळाचा ताण आला तो नेमका या कानांवर.

४/६
चौकशीत दोन गोष्टी उघड झाल्या. वाऱ्याच्या दाबाचा स्वतंत्र हिशेब बाउच यांनी धरलाच नव्हता. शिवाय ओतकामातील पोकळ्या मेण, राळ, लोखंडाचा कीस व काजळी यांच्या मिश्रणाने बुजवल्या होत्या.

५/६
१८८० मध्ये बाउच निवर्तले. फोर्थ खाडीवरील त्यांचा नियोजित झुलता पूल रद्द झाला. तेथे फाउलर व बेकर यांनी चौरस फुटास ५६ पौंड इतका वाऱ्याचा दाब गृहीत धरून पोलादी पूल उभारला. १८९० मध्ये तो खुला झाला. त्याचा अवाढव्य बांधा हे टेच्या दुर्घटनेचेच उत्तर होते.

६/६
टे नदीवर १८८७ मध्ये नवा पूल झाला. त्याच्या शेजारी जुन्या खांबांचे बुंधे आजही पाण्याबाहेर डोकावतात.