पंधराशे व्होल्टांचा हिशेब

वडोदऱ्याच्या निजामपुऱ्यातून मुंबईस निघालेल्या प्रवाशाला विरारजवळ होणारा एक मोठा बदल सहसा कळत नसे. १९७५ पासून या मार्गावर आलेल्या डब्ल्यूसीएएम-१ जातीच्या इंजिनाची २५,००० व्होल्टांची एसी तार तेथे संपे आणि १,५०० व्होल्टांची डीसी तार सुरू होई. मधला वीजहीन टप्पा गाडी केवळ आपल्या वेगावर ओलांडी.

ही डीसी तार ३ फेब्रुवारी १९२५ ची. त्या दिवशी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर हिंदुस्थानातील पहिली विजेची आगगाडी धावली. निवड अविचाराची नव्हती. उभी गाडी हलविण्यास लागणारा जोर डीसी सीरिज मोटर सहज देई. मात्र लांबून येणारी वीज एसी. ती उपकेंद्रातच बदलून घ्यावी लागे. हे काम आरंभी फिरत्या रूपांतरक यंत्रांनी केले, मग पाऱ्याच्या रेक्टिफायरांनी, अखेर सिलिकॉनने.

एसीचे जितके व्होल्ट तितकेच डीसीचे मिळतील, ही समजूत येथे फसते. एसीचा जो आकडा सांगतात तो तिच्या सरासरी कर्तबगारीचा. लाटेचे शिखर त्याच्या १.४१ पट उंच असते. तीन फेजांची वीज सहा झडपांतून एकाच दिशेस वळविली, की प्रत्येक आवर्तनात सहा शिखरे लागोपाठ येतात व त्यांची सरासरी मूळ आकड्याच्या १.३५ पट भरते. अर्थात १,५०० व्होल्टांसाठी रोहित्राने सुमारे १,१११ व्होल्ट दिले तरी पुरे.

पण हा हिशेब भार नसतानाचा! तीन हजार किलोवॉट मागणारी गाडी १,५०० व्होल्टांवर दोन हजार अँपिअर ओढते. तार व रूळ मिळून रोध अवघा ०.०५ ओहम धरला, तरी वाटेतच शंभर व्होल्ट खर्ची पडतात. तीच मागणी २५,००० व्होल्टांवर सुमारे एकशेवीस अँपिअरांत भागते. डीसीच्या उपकेंद्रांना थोड्या थोड्या अंतरावर उभे राहावे लागे ते यामुळेच. गर्दीच्या मुंबईत गाड्या वाढल्या तशी ही अडचण अधिकच बोचू लागली.

पश्चिम रेल्वेवरील उपनगरी डीसी तार २०१२ मध्ये व मध्य रेल्वेवरील २०१६ मध्ये निवृत्त झाली. रेक्टिफायर मात्र निवृत्त झाला नाही. उपकेंद्रातून उठून तो लोकलच्या डब्यात आला. तेथे तो वरच्या तारेची एसी प्रथम डीसी करतो, आणि नव्या मोटरींसाठी तिच्यातून पुन्हा तीन फेजांची एसी घडविली जाते.